चपलांच्या कपाटातलं शॅमरॉक

मुलगा घरात शिरला, बूट काढले, ते ठेवायला दाराशेजारचं चपलांचं कपाट उघडलं आणि तिथेच माशी शिंकली. वरच्या कप्प्यात आईच्या सँडलशेजारी एक कुंडी होती. कुंडीत कोरडी ठक्क माती, आणि मातीतून वर आलेले वाळक्या देठांचे खुंट.

"आई, चपलांच्या कपाटात कुंडी कुणी ठेवली?"

"मी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "झोपवलंय शॅमरॉकला. दार लावून घे, उजेड जातोय आत."

मुलाने बहिणीकडे पाहिलं. बहीण आधीच येऊन बसली होती. दोन गल्ल्या सोडून तिचं चष्म्याचं दुकान होतं आणि आज ते तिने मुद्दाम बंद ठेवलं होतं. तिने भावाची नजर टाळली आणि उगाच टेबलावरची पेपरची घडी सारखी केली.

आई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती एका मोठ्या इस्पितळात मेट्रन, म्हणजे नर्सांची प्रमुख होती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी इमारतीतले लोक तिला मेट्रनबाईच म्हणत. पेशंटच्या डोक्यावरून नातेवाईक एकमेकांकडे कसे बघतात, हे तिने जन्मभर पाहिलं होतं. आता आपण खाटेवरच्या बाजूला आहोत, हे तिला तत्काळ कळलं.

मुलगा परगावाहून आला होता तो नळामुळे. गेल्या महिन्यात मेट्रनबाई नळ उघडा टाकून बाजारात गेल्या आणि पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून थेट त्यांच्या पलंगावर उतरलं. खालच्या गृहस्थांनी आईला काही म्हटलं नाही, मुलाला फोन केला. मुलाने आपल्या घरातली एक खोली रिकामी केली, भिंतींना रंग दिला आणि गाडी घेऊन हजर झाला. वाईट नव्हता बिचारा. पण विमा कंपनीसाठी जळकी गोदामं आणि बुडालेली दुकानं बघत हिंडणं हा त्याचा धंदा होता, त्यामुळे कुठल्याही घरात शिरला की त्याची नजर आधी भेगांवर जायची.

आणि आईला हे घर सोडायचं नव्हतं. मुलाच्या घरी सून चांगली होती, खोलीला खिडकी होती, सगळं होतं. फक्त तिथे तिला कुणी मेट्रनबाई म्हणणार नव्हतं. 'आजी, तुम्ही बसा, मी करते,' एवढंच दिवसभर ऐकायला मिळणार होतं.

"झोपवलंय म्हणजे?" मुलाने विचारलं. इतक्या हळू आवाजात तो एरवी बोलत नसे.

"म्हणजे झोपवलंय. त्याला खाली कंद असतात. बरेच दिवस पानं-फुलं दिली की झाड थकतं, माना टाकायला लागतं. मग पाणी तोडायचं, वाळली की पानं कापायची आणि अंधारात ठेवून द्यायचं. महिना-दोन महिने. मग उजेडात आणायचं, पाणी दाखवायचं, की उठतं."

"आणि अंधारात म्हणजे चपलांच्या कपाटात?"

"मग काय तुझ्या कपाटात ठेवू? एवढं एकच कपाट आहे ज्याचं दार नीट लागतं."

मुलगी हसली. मुलगा हसला नाही. त्याने कुंडी उचलून मातीत बोट खुपसलं आणि मान हलवली, जळक्या गोदामात हलवत असेल तशीच. "आई, हे झाड मेलंय. तहानेने मेलंय." आणि कुंडी घेऊन तो सरळ मोरीकडे निघाला.

"पाणी घालू नकोस!"

हा आवाज वॉर्डातला होता. त्या आवाजाने एके काळी शिकाऊ डॉक्टरसुद्धा जागच्या जागी थिजायचे. मुलगाही थिजला. पण घरातल्या घरात, एका वाळक्या कुंडीपायी असा आवाज काढला की तो रुबाब वाटत नाही, तोल गेल्यासारखा वाटतो. मुलांच्या चेहऱ्यांवर तेच उमटलेलं तिला दिसलं.

"झोपेतल्या कंदाला भसाभस पाणी घातलं की तो कुजतो," ती आवाज उतरवून म्हणाली. "म्हणून म्हटलं."

मुलाने कुंडी टेबलावर ठेवली. मग तो खिडकीशी गेला. खाली इमारतीच्या भिंतीलगत सावलीत शॅमरॉकचा हिरवागार गालिचा पसरला होता. तीन-तीन पानांचे झुबके, मध्ये पांढरी फुलं. मेट्रनबाईंनीच तिथे कधीतरी मूठभर कंद पुरले होते. पुढे ते इतके माजले की शेजारच्या वाफ्यातल्या गुलाबांनाही दाटीवाटीने उभं राहावं लागे.

"ती खालची याच झाडाची ना?"

"याचीच."

"तेच कंद, तीच जात. ती जिवंत आहेत आणि हे मेलं. त्यांना माळी पाणी घालतो आई, आणि याला तू."

बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच पाणी प्यायला आत गेला. पण शब्द बसायचा तिथे बसला. आईकडे उत्तर होतं. बाहेर भिंतीची सावली असते, जमिनीत ओल टिकते, तिथलं झाड आपल्या मर्जीने झोपतं आणि आपल्या मर्जीने उठतं. घरातलं झाड खिडकीच्या तापलेल्या काचेशी उभं असतं, ते लवकर दमतं. हे सगळं तिला पाठ होतं. तरी ते तिच्या तोंडून बाहेर पडेना.

कारण कुंडी कपाटात ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं.

झाड कसं झोपवतात ते स्वच्छ आठवत होतं. पण या खेपेला, या कुंडीला, आपण कात्री लावली तो दिवस कुठला? हात कपाटाकडे गेला तो कधी? तिने डोळे मिटून पाहिलं, तर दिसलं ते गेल्या वर्षीचं, नाहीतर त्याच्या आदल्या वर्षीचं. की पाणी घालायचंच विसरलो, झाड मेलं, आणि लाजेने कपाटात कोंबलं? मुलाला फसवता आलं असतं, पण स्वतःपाशी काय बोलायचं?

बहीण भावाच्या मागून आत गेली आणि दोघं कुजबुजू लागली. "दादा, एका कुंडीवरून काय ठरवतोस?" "एका कुंडीवरून नाही. नळ झाला. आता हे. उद्या गॅस झाला तर? तू जबाबदारी घेशील?" मुलगी गप्प झाली. ती गप्प झाली हे आईला फार लागलं. आजवर ती एकटीच आईच्या बाजूने भांडत आली होती.

मेट्रनबाईंनी टेबलावरचा पेपर उलगडला आणि हाक मारली, "दोघंही इकडे या. हातच्या काकणाला आरसा कशाला? कुंडी उपडी करते. कंद टणक निघाले तर झाड जिवंत आणि मी इथेच राहणार. पोकळ निघाले, तर बॅग मी स्वतः भरीन."

"आई, असं काही नको," मुलगी म्हणाली.

"असंच करायचं. समोर ये."

तिने तळहात मातीवर पसरला आणि कुंडी उलटी केली. पहिल्यांदा काही निघालं नाही. तिने बुडावर थाप मारली, मग आणखी एक. मातीचा गोळा पेपरवर पडून फुटला. तिने झटकन बोटं मातीत खुपसली. ढेकळं, मुळांचे केस, ढेकळं. मुलगा श्वास रोखून वाकला होता. आणि मग बोटाला काहीतरी लागलं. तिने ते वर काढलं, माती पुसली. करंगळीच्या पेराएवढा, खवल्याखवल्यांचा कंद. तिने दाबला. दबला नाही. त्याच्या टोकाला गुलाबीसर पांढरा कोंब फुटला होता.

"हा घे," तिने तो मुलाच्या तळहातावर ठेवला. "दाब. विम्याच्या साहेबांनी पाहणी करावी."

मुलाने दाबला. मग स्वतःच माती चिवडली. आणखी निघाले, सगळे टणक, बहुतेकांना कोंब. देठही, आता नीट पाहिल्यावर कळलं, कात्रीने एकसारखे कापलेले होते. मुलगी खदाखदा हसत सुटली आणि तिने आईला मिठी मारली. मुलाचा चेहरा पडला, पण त्यात सुटकाही होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मला खरंच वाटलं की..."

"वाटलं ते बरोबरच होतं. नळ मीच उघडा टाकला होता," आई उदारपणे म्हणाली. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं! तिने कंद पुन्हा कुंडीत लावले, पाणी शिंपडलं आणि कुंडी खिडकीत ठेवली. जेवणं झाली. जेवताना मुलाने रंगवलेल्या खोलीचं नाव काढलं नाही.

निघायच्या वेळी मुलगी त्याची बॅग घेऊन पुढे जिना उतरली. तो बूट घालत होता. टाच आत सरकवायला त्याला शू-हॉर्न हवं होतं, म्हणून आईने वाकून कपाटाच्या तळात हात घातला. जुन्या बुटांच्या मागे, अगदी कोपऱ्यात, हाताला थंड पत्रा लागला.

तिने तो पुढे ओढला. इस्पितळातून आणलेलं पांढरं टमरेल, कडेचा मुलामा उडालेलं. आत माती आक्रसून कडांपासून सुटलेली, वर कात्रीने कापलेले देठ, पार काळे पडलेले. शॅमरॉकच. हे टमरेल वरच्या मजल्यावरच्या बाईंना दिलं, असं ती वर्षभर सांगत आली होती. परत केलं नाही म्हणून त्या बाईंशी तिने बोलणंही टाकलं होतं. तिने मातीत बोट घातलं. कंद हाताला लागले आणि लागताच भुगा झाले.

गेल्या वर्षी झोपवलं होतं. उठवलंच नव्हतं.

शू-हॉर्नची वाट न बघता मुलाने बूट चढवले होते आणि तो पाठमोरा वाकून नाड्या बांधत होता. टमरेल मागे ढकलायचं, दार लावायचं, संपलं. कुणाला ताकास तूर लागली नसती. तिचा हात दारावर गेलासुद्धा. पण वॉर्डात ती शिकाऊ मुलींना एकच गोष्ट दरडावून सांगायची: चूक होते, झाकलेली चूक मात्र माणूस मारते. तो आवाज तिला आता आतून ऐकू आला आणि पहिल्यांदाच त्याचा रागही आला.

"येतो आई," म्हणत मुलगा दोन पायऱ्या उतरला.

"थांब," ती म्हणाली. "तिलाही वर बोलाव."

दोघं वर आली. तिने टमरेल मुलाच्या हातात दिलं. "हे गेल्या वर्षी मी झोपवलं आणि विसरले. झाडही विसरले आणि विसरल्याचंही विसरले. वरच्या बाईंवर आळ घेतला तो वेगळाच." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "आता काय ते ठरवा. पण माझ्यासमोर ठरवा, आत जाऊन कुजबुजू नका."

मुलाने टमरेलातल्या मातीकडे पाहिलं. त्याने बोट लावलं नाही. मुलगी आईशेजारी येऊन उभी राहिली.

"मला भीती वाटते रे," आई म्हणाली. हे वाक्य तिने हजारो खाटांशी उभं राहून ऐकलं होतं आणि दर वेळी तिच्याकडे त्यावर काहीतरी ठरलेलं बोलणं असायचं.

मुलगा दारातच खाली बसला. बांधलेल्या नाड्या त्याने एक एक करून सोडल्या.

"मलाही," तो म्हणाला.