सोजरबाईची चिठ्ठी

पहिल्या निवडणुकीत उमेदवारागणिक निराळी पेटी होती, अन् पेटीवर त्याच्या निशाणीचं चित्र. आंधळ्या सोजरबाईला पुतण्या जगदेवनं गाडीत घालून आणलं. रांगेत उभी राहून ती पार थकली होती.

"काकू, मताची चिठ्ठी भेटली का मले दे. भावकीनं पेटी ठरवली हाय."

"माहं वावर तू पेरतं, माहं ताट तुही बायको वाढते. येवढं तरी माह्या हातानं करू दे, बापा."

मतदानाच्या खोलीतल्या साहेबांनी जगदेवला बाहेरच थांबवलं. सोजरबाईनं त्यांना हळूच चित्र सांगितलं. त्यांनी तिचा हात त्या पेटीवर ठेवला, अन् चिठ्ठी तिनंच आत ढकलली.

परतताना जगदेवनं विचारलं, "कोणाले टाकलं?"

"तुले डोये हायेत ना? रस्ता पाह्य," म्हणून ती गाडीत आडवी झाली.