माझी भेग बुजवू नका

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे, आणि आज जरा रागातच बोलणार आहे.

रेणापूरच्या एका कुंभाराने मला घडवले. लातूरला गुरम्मा आजीच्या घरी बारा उन्हाळे मी पाणी गार ठेवले. पाहुणे घोट घेऊन म्हणायचे, "पानी लई गार हाय!" मग माझ्या बुडाला भेग पडली आणि माझी रवानगी परसात झाली. गळक्या माठाला कोण विचारतो?

लातूर नवा जिल्हा झाला, त्या हिवाळ्यात आजीच्या सुनेचा, उमादेवीचा, फौजी भाऊ पंचाक्षरी सुट्टीवर आला. त्याने दार्जिलिंगहून पाच हिरव्या कंदांचे ऑर्किडचे रोप आणले होते. झाड थंड डोंगरातले. त्याने मुद्दाम मला निवडले. माझ्या पाझरण्याने मुळांना गारवा मिळेल आणि जादा पाणी भेगेतून निघून जाईल, म्हणून. माझ्यात नारळाच्या शेंड्या आणि कोळसा भरून त्याने मला लिंबाच्या सावलीत ठेवले. "अक्का, पुढल्या सुट्टीला येईन तवा हे जितं दिसू दे," एवढेच तो म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल सुरू झाले. टँकर चार दिवसांनी येई. अशात माझ्या बुडातून टपकणारा थेंब आजीला बघवेना. "पानी वाया जायलंय," म्हणत तिने सिमेंट कालवले आणि माझी भेग बुजवली. खरे सांगतो, मी खूश झालो. न गळण्यातच तर माझी सारी अब्रू होती!

आठवड्याभरात कळले की माझ्या पोटात पाणी साचते आहे. मुळे कुजू लागली. कुजक्या मुळांना पाणी पिता येत नाही, म्हणून पाने सुरकुतली, पिवळी पडली. आणि दुष्काळातल्या माणसांना पिवळे पान दिसले की एकच सुचते. "तहानलंय बिचारं!" उमादेवी आंघोळीच्या पाण्यातला तांब्या ओतू लागली. आजी तर स्वतःच्या प्यायच्या पाण्यातला पेला देई. शेजारीण म्हणाली, "नुसत्या शेंड्यांवर काय जगंल?" झाले! शेतातली काळी माती आणून माझ्या गळ्यापर्यंत दाबली. उरलीसुरली हवाही गेली. आगीतून निघून फुफाट्यात पडणे म्हणतात ते हेच. अहो, एकदा माझे बूड तरी बघा की! पण एवढे मोठे तोंड असून मला एक शब्द बोलता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच मला फुटावेसे वाटले.

पंचाक्षरी आला तेव्हा पाचांपैकी एकच कंद हिरवा होता. त्याने माती हुंगली, मला तिरके करून बूड पाहिले. "अक्का, ह्याला बुडवून मारायलात की!"

"म्या माझ्या तोंडचं पानी दिलं रे त्येला," आजी म्हणाली आणि रडू लागली.

खिळा आणि हातोडी घेऊन पंचाक्षरीने माझ्या बुडाला तीन भोके पाडली. तिसऱ्या घावाला मी काठापर्यंत तडकलो. त्याने मला तारेने आवळले, कुजकी मुळे कापली आणि तो एकटा कंद नव्या शेंड्यांत बसवला.

फूल अजून आलेले नाही. पण माझ्या एका भोकातून पांढरे मूळ बाहेर डोकावते आहे. आजी आता खाली पातेले ठेवते आणि टपकलेले पाणी बेलाच्या रोपाला घालते.

मित्रांनो, झाडाने मान टाकली तर पाणी ओतण्याआधी कुंडीचे बूड तपासा. आणि माझ्यासारखा गळका माठ दिसला तर लगेच सिमेंट कालवू नका. मी गळतो आहे, म्हणून ते रोप जगले आहे.