मास्तरांची टोपी

घारीनं सामन्याचं चित्रण थांबवलं, आठ सेकंद मागं नेलं आणि पुन्हा सोडलं. पडद्यावर गोलरक्षक पोरगी गोल सोडून धावत पुढं आली, चेंडू तिच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या रिकाम्या जाळीत जाऊन विसावला.

"अगं, किती वेळा बघशील?" अध्यक्ष म्हणाले. "दहाव्यांदा बघितलं म्हणून तो बाहेर जाणारे का?"

शेजारी बसलेले निवृत्त पंच चष्मा पुसता पुसता हसले.

सतरा वर्षांखालच्या मुलींचा राष्ट्रीय फुटबॉल संघ स्पर्धेहून परत येऊन आठ दिवस झाले होते. एक सामना जिंकला होता, एक बरोबरीत सुटला होता. तिसऱ्यात नुसती बरोबरी पुरली असती, तर त्र्याऐंशीव्या मिनिटाला हा गोल. आता तिघांच्या समितीनं संघाच्या कामगिरीचा अहवाल लिहायचा होता आणि पुढच्या शिबिराला कोणाला बोलवायचं ते ठरवायचं होतं. बाकी सगळ्या जणींचा निकाल अर्ध्या तासात लागला. घोडं अडलं होतं ते या एकीवर.

घार समितीत नवी होती. बारा वर्षांपूर्वी तीही याच संघाची गोलरक्षक होती. हवेतला चेंडू झडप घालून टिपते म्हणून मास्तरांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, तिला हे नाव दिलं होतं, आणि ते असं चिकटलं की खरं नाव कागदोपत्रीच उरलं. समितीवर तिला घ्या, असं सुचवलं तेही मास्तरांनीच. पाच महिन्यांची लेक सासूबाईंकडे ठेवून ती सकाळीच निघाली होती. दुपारची पाजायची वेळ टळून गेली होती, आणि जाकिटाची चेन तिनं गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

"मास्तरांचं काय म्हणणं आहे हिच्याबद्दल?" पंचांनी विचारलं.

प्रत्येक मुलीबद्दल प्रशिक्षकानं स्वतःच्या हातानं एक पान लिहून बंद पाकिटात द्यायचं, अशी इथली रीत होती. ते पान समितीबाहेर कोणी बघायचं नाही. मुलीला मिळायचं ते समितीच्या नावानं टाइप केलेलं दोन ओळींचं पत्र.

अध्यक्षांनी पाकीट फोडून वाचलं. "दडपण आलं की भान सुटतं. नसलेलं दिसू लागतं. वरच्या पातळीवर टिकणार नाही."

माउसवरचं घारीचं बोट तिथंच थांबलं. ही वाक्यं तिला पाठ होती. सोळाव्या वर्षी तिला आलेल्या पत्रात हीच होती, शब्दाला शब्द. तेव्हा मास्तर घरी आले होते, आईसमोर बसून म्हणाले होते, "समितीनं लिहिलंय हे. मी जिवाचं रान केलं तुझ्यासाठी, घारे. कोणी ऐकलं नाही गं."

तिनं मान वळवली आणि दारापाशी बसलेल्या कारकूनबाईंना विचारलं, "बाई, आमच्या संघाच्या वेळची फाइल असेल का हो?"

"असेल की. वाळवीनं ठेवली असली तर."

बाई आत गेल्या. घारीनं आज सकाळीच आयोजकांकडून आलेलं दुसरं चित्रण लावलं. गॅलरीच्या माथ्यावरून घेतलेलं, सगळं मैदान दाखवणारं. टीव्हीवर फक्त चेंडू दिसतो; यात राखीव खेळाडूंचा बाकही दिसत होता आणि त्याच्यापुढं उभे असलेले मास्तर, वाटाण्याएवढे.

या वेळी तिनं चेंडूकडं बघितलंच नाही.

मास्तरांची एक खूण होती. मैदानात आरडाओरड्यात हाक कुठली ऐकू यायला! म्हणून त्यांनी टोपी काढली की गोलरक्षकानं काही विचार न करता गोल सोडून पुढं यायचं. महिनोन् महिने ते हीच एक गोष्ट घोटून घ्यायचे. जेवताना, बसमध्ये, कुठंही टोपी काढायचे आणि जी उठणार नाही तिला मैदानाला पाच फेऱ्या. दोन वर्षांनी पाय आपोआप उठायचे.

पडद्यावरच्या वाटाण्यानं टोपी काढली. दुसऱ्या हातानं कपाळ पुसलं. टोपी पुन्हा घातली. मधल्या वेळात पोरगी गोल सोडून निघाली होती.

घारीनं ते तीनदा बघितलं. तिच्याही वेळी असंच झालं होतं. टोपी निघालेली तिनं बघितली होती आणि धावली होती. नंतर तसं सांगितलं, तर मास्तर प्रेमानं म्हणाले होते, "छे गं, टोपी डोक्यावरच होती माझ्या. भास झाला तुला." तेव्हा असं सगळं मैदान दाखवणारं चित्रणबित्रण नव्हतं. तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. तेव्हापासून ती रस्ता ओलांडताना दोनदा बघायची. लेक झोपली की नाकाशी बोट धरून श्वास तपासायची, मग पुन्हा तपासायची, आणि तरी नवऱ्याला उठवून म्हणायची, जरा तू बघ ना.

कारकूनबाईंनी फाइल आणून आपटली. धूळ उडाली. तिचं पान नववं होतं. वाक्यं तीच, आणि अक्षर मास्तरांचं, फळ्यावर डावपेच लिहितानाचं, उजवीकडं झुकलेलं.

"पाच मिनिटांत आले," म्हणत ती उठली.

मास्तर जिन्यापाशी उभे होते. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"काय म्हणते आमची नात? दात आले का?"

"मास्तर, त्र्याऐंशीव्या मिनिटाला तुम्ही टोपी काढलीत."

ते आवाज उतरवून म्हणाले, "घाम पुसत होतो गं. काय ऊन होतं!"

"मग तसं लिहा ना."

"आणि घरी बसू? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझ्या. ती पोर सोळाची. तिला पुढं ढीगभर संधी आहेत." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "तुझं काय वाईट झालं सांग? संसार आहे, लेक आहे, समितीत बसतेस."

आत जाऊन तिनं दोघांना चित्रण दाखवलं, खूण समजावून सांगितली. पंच पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"काढलीये खरी," ते म्हणाले. "पण टोपी काढणं नियमाविरुद्ध नाही."

"अहो, टोपीवर अहवाल लिहायचा?" अध्यक्ष म्हणाले. "पेपरवाले आपलीच टर उडवतील. मास्तरांनी चाळीस वर्षं घातलीत या खेळात. कोणावर तरी यायचंच, तर पोरीवर येऊ दे. पोरं विसरतात."

"मी नाही विसरले."

"तू वेगळी गं. चला, दोन विरुद्ध एक. सही कर आणि जा, लेकरू वाट बघत असेल. आणि ती पानं पाकिटात घाल. बाहेर गेली, तर समितीवरून जाशील, आधीच सांगतो."

तिनं सही केली नाही. दोन्ही पानं घेतली, नवं आणि बारा वर्षांपूर्वीचं जुनं, आणि दार उघडलं. मागून अध्यक्षांनी हाक मारली. मग दुसरी, मोठ्यानं.

व्हरांड्यातल्या बाकावर निकालासाठी बोलावलेली गोलरक्षक पोरगी बसली होती. बुटाच्या नाड्या सोडायची, बांधायची. नखं कुरतडून लाल झालेली. मास्तर तिच्यापुढं उभे राहून तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

"मी जिवाचं रान केलं गं तुझ्यासाठी," ते म्हणत होते. "पण समितीपुढं आपलं काय चालतं?"

"मला खरंच टोपी काढलेली दिसली होती, मास्तर."

"होतं असं, बाळा. दडपणाखाली भास होतात."

घार पोरीशेजारी बसली. दोन्ही पानं तिनं पोरीच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवली.

"हे तुझं," ती म्हणाली. "हे माझं. सावकाश वाच."

पोरगी वाचू लागली. आधी एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. ओळीखालून सरकणारं तिचं बोट एका जागी थांबलं.

"घारे," मास्तर म्हणाले, "अगं, काय करतेयस तू हे?" त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. त्यांनी टोपी काढली.

तशी पोरगी ताडकन अर्धी उठली. पानं जमिनीवर घसरली.

घारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच तिला खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "घाम पुसतायत ते."