मसुरीतले तूप

मुलांना धर्म शिकवणे हे एक काम आणि मुलांच्या देखत धर्माने वागणे हे दुसरे. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आली की पहिल्याचा त्याला अभिमान वाटतो आणि दुसऱ्यात त्याची परीक्षा होते. क्रूर राजासमोर ‘नाही’ म्हणणे कठीण खरे, पण तेथे निदान शत्रू ओळखू येतो. आग्रह करणारा मात्र जेव्हा हसत असतो, त्याच्या हातात घास असतो आणि त्याच्या उपकाराची आशा आपल्या मनात असते, तेव्हा देवाची इच्छा कोणती हे ठाऊक असूनही जीभ टाळ्याला चिकटते. गोज्जामच्या पठारावरील वोयनम्बा गावच्या मेरीगेता वुबशेत यांच्या बाबतीत असेच घडले.

मेरीगेता म्हणजे देवळातील गायकांचा गुरू. वुबशेत मरियमच्या ख्रिस्ती देवळात स्तोत्रे गात आणि सकाळी कुंपणालगतच्या जुन्या जैतुनाच्या झाडाखाली गावातील मुलांना गीझ या उपासनेच्या जुन्या भाषेतील अक्षरे व प्रार्थना शिकवीत. मुले त्यांना ‘येनेता’, म्हणजे गुरुजी, म्हणत. त्या मुलांत त्यांची धाकटी लेक सिनिदूही बसे. नुकतीच तिला सात वर्षे पूर्ण झाली होती, आणि मरियमचा ऐन पावसाळ्यातला पंधरवड्याचा उपवास ती प्रथमच करीत होती. उपवासाच्या पहिल्या दिवशी तिने आपला दुधाचा पेला स्वतःच्या हाताने पालथा घालून फळीवर ठेवला आणि आईला बजावले, “मी सांगेपर्यंत सरळ करायचा नाही.” दूध, लोणी, तूप, अंडे, मांस, सारे वर्ज्य. देवळातील उपासना संपून प्रसाद मिळेपर्यंत पाणीही नाही. दुपार कलल्यावर इंजेऱ्याबरोबर, म्हणजे आंबवलेल्या पातळ भाकरीबरोबर, साधी डाळ.

उपवासातल्या एका सकाळी येनेतांनी मुलांना, राजाच्या मूर्तीपुढे न वाकल्याबद्दल अग्नीच्या भट्टीत टाकलेल्या आणि देवाने वाचवलेल्या तीन बालकांची कथा सांगितली. सांगितली म्हणण्यापेक्षा, नेहमीप्रमाणे, खेळवली. प्रार्थनेची लांब काठी हातात घेऊन ते स्वतः राजा होत, आणि एक मुलगा ढोल बडवी.

“वाजंत्री वाजली! सोन्याच्या मूर्तीपुढे वाका!”

“नाही वाकणार!”

“सगळं गाव वाकलंय!”

“वाकू दे गावाला!”

“भट्टी पेटवलीय!”

“पेटवा!”

शेवटचा ‘पेटवा’ सिनिदूचा असे. इतरांचा आवाज विरला तरी तिचा मागे उरे. येनेतांना हसू येई. आपण काहीतरी पेरले आणि ते उगवले, असे त्यांना वाटे.

पाठशाळेची झोपडी मात्र त्यांच्या मनाला सलत असे. दूरच्या गावांची मुले तेथेच राहात. गवताचे छप्पर कुजले होते. पावसाळ्यात मुले कातडी पांघरून कोपऱ्याकोपऱ्यात सरकत, आणि चर्मपत्रावरील स्तोत्रसंहिता एकाच्या छातीशी, मग दुसऱ्याच्या छातीशी, अशी रात्र काढी. म्हणून, राजधानीत व्यापार करून मोठा झालेला मांदेफ्रो आईला भेटायला गावी आला आहे आणि त्याने वडीलधाऱ्यांना जेवायला बोलावले आहे, असे कळताच येनेतांनी मनाशी काही ठरवले. उपासना आटोपल्यावर सिनिदूचा हात धरून ते त्याच्या घरी गेले.

मांदेफ्रो दारातच सामोरा आला, दोन्ही गालांना गाल लावले, पुन्हा लावले.

“या येनेता, या! तुमच्या छडीचे वळ अजून पाठीवर आहेत बरं का. आणि ही कोण? ही तर तुमच्या नाकासकट जन्मलीय!”

आत गावचे पाच-सहा जाणते बसले होते. त्यांत अबेजे म्हातारा, देवळाच्या पंचांतला, तोंडाने फटकळ. मोठ्या परडीत इंजेरा पसरला होता आणि शहरातून आणलेली स्वयंपाकीण त्यावर लाल मसुरीचे कालवण ओतत होती. उपवासाचेच अन्न. कोणालाही बोट ठेवता आले नसते.

परंतु वाफ वर आली. त्या वाफेत मसाल्यात कढवलेल्या तुपाचा वास होता. तो वास या पठारावरील लहान मूलही झोपेत ओळखील. त्यांनी मान वर केली. अबेजेने खाली घातली. दुसऱ्याने छताकडे पाहिले. सर्वांना कळले होते, आणि ‘आधी तू बोल’ असे म्हणत प्रत्येकाचे मौन दुसऱ्याकडे पाहात होते.

मांदेफ्रोने ते ताडले. तो हसला आणि आवाज उतरवून म्हणाला, “मला डॉक्टरांनी उपवास बंद केलाय. बाईने सवयीने जरा हात सैल सोडला असेल. वरून तर डाळच आहे ना? देव काय चमचे मोजत बसलाय?”

“देवाला इतर कामं आहेत,” अबेजे पुटपुटला. दोघेतिघे हसले. ते हसणे फार मोठे झाले.

मग मांदेफ्रोने सहज बोलावे तसे म्हटले, “येनेता, पोरांचं छप्पर गळतंय म्हणे. पावसाळा सरला की पत्रा पाठवतो. लाकूडही. काळजी सोडा.”

येनेतांचे डोळे भरून आले. तेवढ्यात मांदेफ्रोने इंजेऱ्याचा तुकडा मसुरीत बुडवला, गुंडाळला, आणि तो घास त्यांच्या ओठांपाशी नेला. दुसऱ्याने प्रेमाने पुढे केलेला हात परत फिरवणे म्हणजे त्या देशात त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखे. येनेतांच्या मनात एकाच वेळी भिजलेली मुले, चर्मपत्रे, कोरडा पत्रा आणि पालथा घातलेला पेला येऊन गेला. त्यांनी तोंड उघडले.

“एका घासाने वैर येतं म्हणतात,” म्हणत मांदेफ्रोने दुसरा दिला. तोही गेला. जिभेवर तूप पसरले.

मग त्याने लहानसा घास केला आणि सिनिदूकडे वळला. “आणि हा आमच्या नाकवाल्या राजकन्येला!”

सिनिदूने ओठ घट्ट मिटले. घासाचा वास घेतला आणि वडिलांकडे पाहून, उगाच कोणाचा अपमान नको म्हणून की काय, हळूच म्हणाली, “बाबा, यात तूप आहे.”

मांदेफ्रोचा हात हवेत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच होते, पण डोळ्यांतून निघून गेले होते.

“बघा, नाक नुसतं दिसायला नाही!” अबेजे म्हणाला, पण या वेळी कोणी हसले नाही.

येनेता म्हणाले, “तूप नाही, बाळ. तेल आहे. शहरातलं. उघड तोंड.”

सिनिदू त्यांच्याकडे पाहात राहिली. त्या नजरेत राग नव्हता, हट्टही नव्हता. ती केवळ आपले नाक आणि आपले वडील यांत कोणावर विश्वास ठेवावा याचा निर्णय करीत होती. मग तिने तोंड उघडले.

सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. मांदेफ्रोने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती चावत होती आणि येनेता तिच्या जबड्याची हालचाल पाहात होते. ती संपेपर्यंत त्यांना दुसरीकडे पाहता आले नाही.

घरी आल्यावर पत्नी झेनेबेचने लेकीचे तोंड पुसले आणि फडके नाकाशी नेले. तिने विचारले एवढेच, “काय जेवलात?”

“मसूर.”

“हं,” ती म्हणाली. फडके तिने इतर कपड्यांत टाकले नाही, वेगळे धुतले. वुबशेतांना वाटले, तिने भांडण केले असते तर बरे झाले असते. त्या संध्याकाळी सिनिदूने फळीवरच्या पेल्याकडे एकदा पाहिले, आणि काही न बोलता आईच्या कुशीत शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैतुनाखाली मुले जमली. खेळ मुलांनीच मागितला. येनेतांनी काठी घेतली, पण ती हातात नेहमीपेक्षा जड वाटत होती.

“वाजंत्री वाजली! वाका!”

“नाही वाकणार!”

“सगळं गाव वाकलंय!”

“वाकू दे गावाला!”

“भट्टी पेटवलीय!”

“पेटवा!” मुले ओरडली, आणि आवाज विरला. मागे काहीच उरले नाही.

गेब्रे नावाचा एक पोरगा खिदळला. “सिनिदू घाबरली! सिनिदू राजाला घाबरली!”

“राजाला नाही घाबरत मी,” सिनिदू म्हणाली.

“मग ओरडली का नाहीस? उपाशी आहेस म्हणून?”

“आपण सगळेच उपाशी आहोत, गाढवा.” मग वडिलांकडे न पाहता, जमिनीवरचे पान बोटाने दुमडीत म्हणाली, “राजाला नाही म्हणता येतं. बाबा म्हणाले तर कसं म्हणायचं?”

मग तिने मान वर केली, “येनेता, काल ते तेल असेल तर मी आज प्रसादाला जाऊ ना? आणि तूप असेल तर नको जायला. तुम्ही सांगा. माझ्या नाकाला कळत नाही.”

पाठशाळेत ती त्यांना येनेता म्हणे, घरी बाबा. तो प्रश्न तिने दोघांनाही विचारला होता.

वुबशेतांना वाटले, जमीन दुभंगून आपल्याला घेईल तर बरे. आणखी एक शब्द, ‘तेल’, एवढा उच्चारला की सारे सुरळीत होणार होते. मुलगी आनंदाने प्रसाद घेणार, छप्पर होणार, आणि ती आयुष्यभर आपल्या नाकावर विश्वास ठेवायला विसरणार. त्यांनी काठी गवतावर आडवी ठेवली आणि ते मुलांच्या ओळीत, खाली, चिखलात बसले.

“तूप होतं,” ते म्हणाले. “तुझ्या नाकाला बरोबर कळलं होतं. मलाही कळलं होतं. मी खाल्लं, आणि तुला खोटं सांगून खायला लावलं. काल वाजंत्री वाजली आणि मी वाकलो.”

मुलांना हसावे की नाही ते कळेना. गेब्रेने ढोलावरचा हात काढून घेतला.

“मग बाबांना नाही म्हणायचं?” सिनिदूने विचारले.

“देवाची गोष्ट असेल आणि बाबा खोटं बोलत असेल, तर म्हणायचं. हळू म्हण, काल म्हणालीस तसं. पण तोंड उघडायचं नाही.” त्या सकाळी पुढचा धडा झाला नाही.

ढोलाचा आवाज पोहोचणार नाही इतक्या वेगाने बातमी गावात पोहोचली. उपासनेच्या आधीच अबेजे काठी आपटीत आला.

“अहो येनेता, तुम्हाला पश्चात्ताप करायचा होता तर कोपऱ्यात बसून करायचा! आम्हा सगळ्यांना कशाला वाळत घातलंत? माझी सून मला विचारते, ‘मामंजी, मसूर कशी होती?’”

“मी माझंच बोललो, अबेजे. तुमचं नाव घेतलं नाही.”

“नाव घ्यायला काय राहिलं? परडी एकच होती! आणि पत्रा? मांदेफ्रोची आई दार लावून बसलीय. मोटार बाहेर काढलीय त्याने. आता झोपवा पोरांना तुमच्या सत्याखाली. ते गळत नसेल तर!”

अबेजेचे म्हणणे खोटे नव्हते, हीच त्यातली बोच होती. खालच्या वळणावर मोटारीचा आवाज झाला आणि दूर गेला.

ते सिनिदूला घेऊन अब्बा तागेले यांच्याकडे गेले. वृद्ध पुरोहितांनी सारे ऐकून घेतले. त्यांनी क्रॉस आधी मुलीच्या कपाळाला लावला आणि चुंबनासाठी तिच्या ओठांपाशी धरला.

“हिने बापाची आज्ञा पाळली. हिचा उपवास मोडलेला नाही. हिला आत येऊ दे.” मग त्यांनी वुबशेतांकडे पाहिले. त्या पाहण्यात कठोरता नव्हती, म्हणून ते अधिक असह्य झाले. “तुमचा मात्र मोडला. उपवास संपेपर्यंत तुम्ही बाहेर उभे राहा.”

“गायन कोण सांभाळील?”

“तुमचे शिष्य. शिकवलंय ना तुम्ही त्यांना?”

त्या दुपारी गावाने मेरीगेता वुबशेतांना देवळाच्या बाहेर, कुंपणाच्या दारापाशी उभे राहिलेले पाहिले. ज्यांना आत जाण्याचे धैर्य नसते ते लोक तेथे उभे राहतात. येणारा प्रत्येक जण उंबऱ्याला ओठ टेकवी, मग त्यांना पाहून नजर वळवी. आतून त्यांच्या शिष्यांचा आवाज येत होता. एका ठिकाणी सूर घसरला, आणि सवयीने त्यांचा हात काठीने ताल द्यायला उचलला गेला. त्यांनी तो खाली घेतला.

काही वेळाने शेजारी कोणीतरी खाकरले. अबेजे होता. तो येनेतांकडे न पाहता कुंपणाला टेकला.

“आत गर्दी आहे,” तो म्हणाला. “पाय दुखतात उभं राहून.”

“इथंही उभंच राहायचंय, अबेजे.”

“माहीत आहे मला! तुमच्याकडून शिकायचं राहिलंय का?” आणि त्याने शाल डोक्यावरून ओढून घेतली.

सिनिदूला प्रसाद मिळाला. ती इतर मुलांबरोबर बाहेर आली, आणि पवित्र अन्नाचा कणही बाहेर जाऊ नये म्हणून प्रसाद घेतल्यावर सारे करतात तसे तिने पांढऱ्या फडक्याने तोंड झाकले होते. दारापाशी ती थांबली. तोंड झाकलेले असेपर्यंत बोलायचे नसते. वुबशेतांना तिच्या डोळ्यांकडे पाहण्याचा धीर झाला नाही. त्यांना तिचे पाऊल दिसले, चिखलाने माखलेले. ते पाऊल थोडा वेळ घुटमळले, आणि मग वुबशेतांच्या पावलांच्या शेजारी येऊन उभे राहिले. पाऊस पुन्हा सुरू झाला. पलीकडे पाठशाळेच्या कुजक्या गवतातून पाणी झिरपू लागले, आणि मुले चर्मपत्रे उचलायला धावली.

ज्याने तो घास दिला त्याचे मरियम रक्षण करो. तो दूर वाटेवर असेल. ज्यांनी मान खाली घालून तो खाल्ला त्यांना बाहेर उभे राहण्याचे बळ मिळो. आणि जिने आपल्या नाकाने सत्य ओळखले, त्या बालिकेचे ओठ योग्य वेळी मिटलेले आणि योग्य वेळी उघडलेले राहोत.