लाल तेवढं आपलं

दुसऱ्यांदा उलटी झाली तेव्हा भावजय म्हणाली, "दुपारचं दही आंबट होतं, मी म्हटलंच होतं." तिनं लेकीचं, चिमणीचं, तोंड पुसलं आणि तिला कुशीवर वळवलं. "निजू दे जरा. उठली की खडखडीत होईल."

आत्या दारातच उभी होती. दही तिनंही खाल्लं होतं, तिला काही झालं नव्हतं.

"बागेत खेळत होती ना ही?"

"तुमच्या बागेतच असते ती, वन्सं. घरात पाय कुठे ठरतो तिचा?"

आत्या मागच्या दारानं बाहेर पडली. तिची सारी नोकरी नकाशे काढण्यात गेली होती. भावाकडे राहायला आल्यावर तिनं परसाचाही नकाशा काढला. भिंतीशी उंच झाडं, वाटेशी बुटकी, आणि कुठल्याही दिवसांत खिडकीतून एक तरी रंग दिसला पाहिजे. एक्झोराच्या झुडपाचे लाल गुच्छ ओसरले की त्याचा कोपरा ओका दिसायचा, म्हणून गेल्या वर्षी तिनं शेजारी लाल कण्हेर लावली. भावजयीनं तेव्हाच कुरकुर केली होती, विषारी असते म्हणतात, घरात लहान पोर आहे.

"पोर आहे, शेळी नाही दिसेल त्या पाल्याला तोंड लावायला," आत्या म्हणाली होती. भाऊ खो खो हसला आणि विषय तिथंच संपला.

आता कण्हेरीखाली काही फुलं पडली होती. वाऱ्यानं पडलेली नव्हेत. देठाकडची बाजू दातांनी चेपलेली होती. शेजारी एक पान होतं, त्याचा अर्धा भाग नव्हता.



एक्झोराच्या फुलातला बारीक धागा ओढायचा आणि टोकावरचा मधाचा थेंब चोखायचा, हे चिमणीला तिनंच शिकवलं होतं. पोर भलत्याच फुलाला तोंड लावील म्हणून नियमही तिनंच घालून दिला होता: लाल तेवढं आपलं, बाकी कशाला हात नाही. तेव्हा बागेत दुसरं लाल फूलच नव्हतं. पुढं कण्हेर आली, पण नियम तसाच राहिला. चिमणीनं तो मोडला नव्हता, शब्दशः पाळला होता.

आत्या क्षणभर तिथंच थांबली. कदाचित नुसतं चोखून टाकलं असेल. कदाचित खरंच दही असेल. आत जाऊन सांगितलं तर भावजय पोरीला पुन्हा तिच्या वाऱ्याला उभं राहू देणार नाही. पण अर्ध्या पानाचं काय? जमिनीवर तिनं हातानं चाचपून पाहिलं. उरलेलं अर्धं कुठंच सापडलं नाही.

तिनं फूल-पानासकट एक फांदी मोडून पिशवीत घातली आणि धावतच आत गेली.

"उठव तिला. हॉस्पिटलला जायचंय."

"अहो, आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा..."

"कण्हेर खाल्लीय तिनं."

भावजयीनं गाडीची किल्ली घेतली. आत्या चिमणीला मांडीवर घेऊन मागं बसली. पोरीचे हात गार पडले होते.

"झोपू नकोस गं राणी. माझ्याशी बोल."

अर्ध्या वाटेवर भावजयीनं विचारलं, "फुलं चोखायला कुणी शिकवलं तिला?"

"मी."

गाडीचा वेग तेवढा वाढला.

डॉक्टरीणबाईंनी आधी फांदी पाहिली, मग चिमणीची नाडी धरली. "हे आणलंत ते बरं केलंत. नुसतं पोट बिघडलंय म्हणाला असतात, तर मीही पोटावरचंच औषध दिलं असतं. हिचे ठोके मंद पडलेत. दाखल करू या."

छातीला वायरी लावल्या. पडद्यावरची रेघ उठायची, थबकायची, पुन्हा उठायची. प्रत्येक थबकण्याला भावजय पलंगाची कड घट्ट धरत होती. आत्या भिंतीला टेकून उभी होती. खुर्ची रिकामी होती, पण बसण्याचा धीर झाला नाही.

उन्हं कलली तेव्हा डॉक्टरीणबाई पुन्हा येऊन रेघ बघून गेल्या. "सावरतेय. पण उद्यापर्यंत सोडणार नाही."

चिमणीनं डोळे उघडले. "आई, ते फार कडू होतं. मी थुंकलं." मग तिला भिंतीशी आत्या दिसली. "पण लालच होतं ना गं आत्या?"

"लालच होतं. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

भावजयीनं मान वर केली. मग पर्समधून घराची किल्ली काढून पुढं केली. "उजेड आहे तोवर काढून टाका ती."

"मुळासकट काढते. जाळायची नाही हं, धूरही वाईट असतो तिचा."

"आता सांगताय, वन्सं?"

आत्यानं खाली मान घालून किल्ली घेतली. ती दारापर्यंत पोचली तोच मागून बारीक आवाज आला, "आत्या, मग आता आपलं कुठलं?"

उत्तर ओठांवर होतं. तिनं ते गिळलं.

"आईला विचार," ती म्हणाली. "आई सांगेल ते."