चांगल्या दाढा

डेल्मर वाव्राची दुसरी दाढ काढली त्या दिवशी एक गोष्ट घडली होती. ती आर्लिस कोएनिगने कुठेही लिहून ठेवली नाही, आणि पुढे दोन वर्षं तीच गोष्ट तिचं मन कुरतडत राहिली.

नेब्रास्कातल्या त्या गावात दातांची डॉक्टर म्हणजे आर्लिस एकटीच. डेल्मर तिच्याच वर्गातला. शाळा सुटल्यापासून तो गुरांचे लिलाव पुकारायचा. दर गुरुवारी बाजारच्या कठड्यामागे उंच बसायचा, आणि एकदा तोंड सुरू झालं की चार तास थांबायचा नाही. आकडे त्याच्या तोंडून असे सुटायचे की नवख्याला एक शब्द कळू नये आणि मुरलेल्या शेतकऱ्याचा एकही चुकू नये. त्याचं घर त्या जबड्यावर चालायचं म्हटलं तरी चालेल.

एका हिवाळ्यात त्याच्या उजव्या कानापुढे दुखायला लागलं. आधी जांभई देताना, मग घास चावताना, मग पुकारताना. तो आर्लिसकडे आला. एक्सरेत उजवीकडच्या खालच्या दाढेच्या मुळाशी तिला पुसटशी सावली दिसली. दिसली असं तिला वाटलं, असं ती आता म्हणते. रूट कॅनॉल केलं, दुखणं हललं नाही. दाढ काढली, तरी हललं नाही. मग तिने शेजारच्या दाढेवर बोट ठेवलं.

त्या दुसऱ्या दाढेच्या वेळी तिने भूल दिली. ओठ, जीभ, हिरडी सगळं बधिर झालं. तेव्हा डेल्मर बोबड्या तोंडाने म्हणाला, "आर्लिस, दाढ बधिर झालीय. पण दुखणं तसंच आहे गं."

बाहेर तीन पेशंट बसले होते. ती म्हणाली, कधी कधी होतं असं, मुळापासून निघाली की थांबेल. आणि तिने दाढ काढली.

ती अख्खी निघाली. स्वच्छ, पांढरी, कुठे कीड नाही. तिने ती कापसात गुंडाळून टाकून दिली, त्याला दाखवली नाही.

दुखणं थांबलं नाही. तिने त्याला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. कान उत्तम होता. मेंदूच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्यांनी त्याला दिवसभर झापड यायची. एका गुरुवारी पुकारता पुकारता तो मध्येच थांबला आणि पुढचा आकडा त्याला आठवेना. कठड्याभोवतीची शंभर माणसं गप्प बसून वाट बघत राहिली. त्यानंतर तो वर चढला नाही. बाजारात जायचा, पण खाली बाकावर बसायचा, दुसऱ्याचं पुकारणं ऐकत. वाटेत भेटला की हात वर करायचा. आर्लिसला वाटायचं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी, वसंतात, दंतवैद्यांच्या एका परिषदेला ती गेली होती. दुपारी जबड्याच्या दुखण्यावर व्याख्यान होतं. बोलणारे गृहस्थ म्हातारे होते, संथ बोलायचे. ते म्हणाले, दाढेवर संशय असेल तर आधी तिला भूल द्या. दाढ बधिर होऊनही दुखणं राहिलं, तर ती दाढ निर्दोष आहे. तिला हात लावू नका.

हे आर्लिसला कॉलेजात शिकवलेलं होतं. ती विसरली नव्हती. त्या दिवशी तिने ऐकूनच घेतलं नव्हतं.

घरी येऊन तिने ठरवलं, डेल्मरसाठी योग्य माणूस आपण शोधायचा. हे काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. जबड्याचे तज्ज्ञ अशी पाटी कुणीही लावतं. एकाला फोन केला तर तो पेशंट न बघताच सगळे दात कोरून लहान करून त्यांवर कॅप बसवायच्या गोष्टी करू लागला. दुसरा शल्यविशारद होता, तो थेट जबड्याचा सांधा उघडायला निघाला. मग तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं: पहिल्या भेटीत तुम्ही काय करता? ओमाहा शहरातल्या नस्रीन बेहबहानी या बाई म्हणाल्या, "ऐकते. तासभर तरी. मग हाताने तपासते. ज्यातून परत फिरता येत नाही असं पहिल्या सहा महिन्यांत काहीच करत नाही." चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या दुखण्यावर त्यांनी वेगळं शिक्षण घेतलं होतं. तिथे चार महिन्यांची रांग होती. आर्लिसने दर सोमवारी फोन करून दाताच्या कण्या केल्या, तेव्हा सहाव्या आठवड्यात एक जागा रिकामी झाली.

डेल्मरची बायको रोझीना म्हणाली, आता आणखी कोण उरलंय त्याचं तोंड उघडायला? पण तो तयार झाला. आर्लिसने दवाखाना बंद ठेवला आणि स्वतः गाडी काढली.

बेहबहानीबाईंनी खरोखर तासभर ऐकलं. मग त्याच्या उजव्या गालावरचा स्नायू दोन बोटांनी दाबला. डेल्मर खुर्चीत ताठ झाला. "हेच! हेच दुखणं. दाढेत जातंय."

"कुठल्या दाढेत?"

त्याने बोट दाखवलं. तिथे दाढ नव्हती.

सांधा सुजला होता, बाई म्हणाल्या, आणि त्याला सांभाळता सांभाळता स्नायूला गाठी पडल्या होत्या. दुखणं त्यांचं, ते दातात उमटत होतं. मग त्यांनी कागदांवरून नजर वर केली आणि विचारलं, या दोन दाढा का काढल्या?

आर्लिस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. बोलायची वेळ तिची होती.

"खराब होत्या," डेल्मर म्हणाला.

बाईंनी आर्लिसकडे एकदा पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

परतताना ते हमरस्त्यावरच्या एका खानावळीत थांबले. त्याने बटाट्याचं सूप घेतलं, तिने नुसती कॉफी. कप हातात धरून तिने सांगितलं. दाढा खराब नव्हत्या. दुसरी तर अख्खी होती. आणि भूल दिल्यावर तू मला सांगितलं होतंस.

"माहितीय," तो म्हणाला. "सांगणारा मीच होतो की."

"मग आत तू..."

"परक्या बाईसमोर तुला उघडं पाडू? लहानपणापासून ओळखतो तुला." त्याने चमचा खाली ठेवला. "पण मला राग नाही असं समजू नकोस. दोन वर्षं मी त्या बाकावर बसलोय. मी वाट बघत होतो, ही कधी बोलतेय. वाटलं होतं, बोलणारच नाहीस."

ती रडली नाही. रडली असती तर त्याला तिची समजूत घालावी लागली असती, आणि तेवढंही त्याच्यावर टाकायचा तिला हक्क नव्हता. तिने विचारलं, मी आता काय करू?

"लिहून ठेव," तो म्हणाला. "माझ्या कागदांत. जसं झालं तसं."

त्याच संध्याकाळी तिने ते लिहिलं, खाली सही केली, आणि एक प्रत ओमाहाला पाठवली, एक त्याच्या घरी.

बेहबहानीबाईंनी उपाय सांगितले ते साधेच: रात्री दातांवर चढवायची पट्टी, गालाला शेक, बोटाने मालीश, रोजचे व्यायाम, आणि पुकारण्याला सक्तीची विश्रांती. शरद ऋतूपर्यंत डेल्मरचं दुखणं बरंच उतरलं. पुरतं गेलं नाही. आता तो दर गुरुवारी तासभर पुकारतो, मग दुसऱ्याला जागा देतो. पूर्वीचा वेग राहिला नाही, आणि हे बाजारात सगळ्यांना कळतं. रोझीना दात दाखवायला शेजारच्या गावी जाते. दुकानात समोरासमोर आली तर आर्लिसला वाट देते, बोलत नाही. आर्लिसला ते रास्त वाटतं.

नोव्हेंबरात एक अनोळखी बाई दवाखान्यात आली. शाळेची बस चालवायची, नाव थेल्मा ग्रोट. तिच्या जबड्यात वर्षभर कळ होती. डेल्मर वाव्राने पाठवलं, म्हणाली.

आर्लिसने हातमोजे काढून ठेवले. "मी त्याच्या दोन चांगल्या दाढा काढल्या. हे त्याने सांगितलं का तुम्हाला?"

"सगळ्यात आधी तेच सांगितलं," थेल्मा म्हणाली. "मग म्हणाला, आता तीच नीट ऐकेल."

ही माफी होती की शिक्षा, आर्लिसला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही. तिने बाहेर निरोप दिला की पुढच्या पेशंटना थोडं थांबावं लागेल, खुर्ची ओढून थेल्मासमोर बसली आणि म्हणाली, "पहिल्यांदा कधी दुखलं, तिथून सांगा."