गोदाकाठची काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. उसाचा रस आटवून गूळ करायची, पाच माणसं मावतील एवढी लोखंडी कढई. कोपरगावजवळ, गोदावरीच्या काठी एका गुऱ्हाळावर मी वीस हंगाम काढले. माझ्या कडेची काकवी चाखायला मुलं रांग लावत. पुढे सगळा ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळ बंद पडलं आणि गुऱ्हाळाचे मालक नूरमहंमदभाई यांनी मला आपल्या अंगणात आणून शेळ्यांच्या पाण्याला लावलं. कुठे गुळाचा वास आणि कुठे शेळ्यांच्या दाढ्या! मला फार वाईट वाटलं.

एकदा तर शेवाळ धुवायला सोपं जावं म्हणून भाई माझ्या तळाला भोक पाडायला छिन्नी घेऊन आले. शेजारच्या कडूबाईंनी त्यांना थांबवलं.

"भाऊ, भोक नका पाडू. नदीकाठचं घर हाय, कवातरी लागंल."

भाई पुटपुटले, पण छिन्नी ठेवली.

आमच्या समोर नदीत एक बेट आहे. तिथल्या बाभळीवरून खंड्या सूर मारतो, पाणकावळे पंख वाळवत बसतात, वाळूत कासवं अंडी घालतात. टिटवीच्या अंड्यांवर मात्र साऱ्या गावाचं लक्ष. अंडी उंचावर तर पाऊस मोठा, खाली तर बेताचा. यंदा टिटवीने अगदी पाण्यालगत अंडी घातली. कडूबाई निर्धास्त झाल्या आणि रोज गुडघाभर पाण्यातून आपल्या चार शेळ्या बेटावर चारायला नेऊ लागल्या.

टिटवीचं काही चुकलं नाही. आमच्याकडे खरंच शिंतोडाही नव्हता. पण गोदावरी काय एकट्या आमच्या पावसावर वाहते? तिकडे नाशिकच्या डोंगरात धो धो कोसळलं, वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि लख्ख उन्हात आमची नदी फुगली. कडूबाई शेळ्यांसकट बेटावर अडकल्या. बघता बघता पाणी बाभळीपर्यंत आलं.

भाईंनी मला रिकामं केलं, दोर बांधला, त्याचं टोक बायको रोशनबी आणि शेजाऱ्यांच्या हाती दिलं आणि बांबूने रेटत निघाले. काहील गोल, ती सरळ थोडीच जाते! मी गरगर फिरत होते. वीस हंगाम आगीवर काढलेली मी, पण त्या दिवशी पाण्याला घाबरले.

"आधी शेळ्या घ्या," कडूबाई म्हणाल्या.

"आक्का, आधी तुमी बसा. शेळ्या येत्यात तुमच्या मागं."

खरंच आल्या, एकीमागे एक माझ्यात चढल्या. काठावरच्यांनी दोर ओढायला सुरुवात केली. कडूबाईंच्या पदरात टिटवीची दोन पिल्लं होती. त्यांची आई काठापर्यंत आमच्या डोक्यावर ओरडत आली. पिल्लं खाली सोडली तेव्हा कुठे ती गप्प झाली.

भाईंनी माझ्या तळावर हात फिरवला. "थेंब न्हाई आला आत."

"मी म्हनलं हुतं," कडूबाई म्हणाल्या, आणि मग मटकन बसून रडल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, नदीत उतरताना डोक्यावरचं आभाळ पाहून भागत नाही, वर कुठे पाऊस आहे तेही विचारा. आणि जुन्या भांड्याला भोक पाडण्याआधी शेजारणीला विचारा. मी पुन्हा अंगणातच आहे. शेळ्यांच्या दाढ्या माझ्यात बुडतात. आता त्यांत कडूबाईंच्याही चार असतात. खुशाल बुडू देत.